परत फिरण्याची वेळ

प्रवासवर्णने आपल्या भाषेत विपुल आहेत. परतून आलेला प्रवासी लिहितो आणि आपण घरबसल्या त्याच्याबरोबर हिंडून येतो. परंतु निघण्यापूर्वी जे घडते त्याविषयी सहसा कोणी लिहीत नाही. नकाशे पसरले जातात, तारखा जुळवल्या जातात आणि मोडल्या जातात. कोठे जायचे आणि त्याहूनही कोठे जायचे नाही, यावर वाद झडतात. आम्हांला अलीकडे असे वाटू लागले आहे की, डोंगरातल्या प्रवासाचा निम्मा भाग घराच्या ओटीवरच पार पडतो. तो नीट पार पडला नाही, तर उरलेला निम्मा दैवाच्या हवाली होतो.

आम्ही सात जण आहोत. धर्मग्रामातील एक निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांना सारा गाव मास्तर म्हणतो. इस्पितळात तीस वर्षे सेवा केलेल्या एक परिचारिका. बँकेत नोकरी करणारे एक जोडपे. महाविद्यालयात शिकणारे दोन तरुण आणि पन्नाशी ओलांडलेला त्यांचा धर्मगुरू. सह्याद्रीच्या वाटा आम्ही एकत्र तुडवल्या आहेत. २०२५ च्या पावसाळ्यात मास्तरांनी विचारले, "फादर, एकदा समुद्र ओलांडून डोंगर पाहायचे का?" त्या प्रश्नातून श्रीलंकेचा बेत जन्मास आला.

श्रीलंका म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर नारळीची झाडे आणि समुद्रकिनारे उभे राहतात. पण या बेटाच्या पोटात उंच डोंगर आहेत. आमचे कळसूबाई १,६४६ मीटर उंच; तेथील पिदुरुतलागला २,५२४ मीटर. मुंबईहून कोलंबोला विमान सुमारे अडीच तासांत पोहोचते. क्षेत्रफळ ६५,६१० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्श्याहून किंचित अधिक. एवढासा देश आठ दिवसांत सहज पालथा घालता येईल, असे नकाशा पाहणाऱ्याला वाटते आणि तेथेच तो फसतो. आमच्या तरुणांनी पहिली यादी केली तीत आठ दिवसांत अकरा ठिकाणे होती! कोलंबोहून एल्ला हे डोंगरी गाव दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. परंतु घाटातून मोटारीला पाच-सहा तास लागतात. १९२४ साली बदुल्लापर्यंत पोहोचलेली रेल्वे सुमारे २९० किलोमीटरचे अंतर नऊ-दहा तासांत कापते, कारण वाटेत तिला पट्टीपोला स्थानकाशी १,८९८ मीटरांची उंची गाठावी लागते. डोंगराळ देशात अंतर किलोमीटरांत मोजायचे नसते, तासांत मोजायचे असते. हा पहिला धडा झाला. अकराच्या सहा जागा झाल्या.

दुसरा धडा पावसाने दिला. आपल्याकडे पावसाळा एक. तेथे दोन. बेटाच्या मध्यभागी डोंगर भिंतीसारखे उभे आहेत. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येचे वारे येतात आणि पश्चिमेकडील उतार भिजवतात. तेव्हा पूर्वेकडची बाजू बरीचशी कोरडी असते. डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्येचे वारे येतात, तेव्हा पूर्वेचे उतार ओले होतात आणि पश्चिमेकडे आकाश निवळते. मार्च-एप्रिलमध्ये दुपारनंतर विजांचा कडकडाट करीत वळीव कोसळतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येही तसाच पाऊस असतो, शिवाय बंगालच्या उपसागरातील वादळांची भीती. म्हणून 'श्रीलंकेत केव्हा जावे?' हा प्रश्नच अपुरा आहे. 'कोणत्या उतारावर केव्हा जावे?' असा तो विचारावा लागतो.

तरुणांना मेची सुटी हवी होती. मेमध्ये नैर्ऋत्येचा पाऊस सुरू होतो आणि श्रीपाद पर्वताची यात्राही त्याच महिन्यातील वैशाखी पौर्णिमेला संपते. मग त्या वाटेवरचे दिवे विझतात, चहाची दुकाने बंद होतात आणि पायऱ्यांवर जळवांचे राज्य सुरू होते. एप्रिलमध्ये विजांचे भय. उरला जानेवारी. धर्मगुरूलाही तीन राजांचा सण आणि प्रायश्चित्तकाळ यांच्यामध्येच चार दिवस मोकळे मिळतात. जानेवारी ठरला, तेव्हा पश्चिमेकडील डोंगरही ठरले: कितुलगला येथे केलानी नदीवर रबरी तराफ्यातून उतरणे, श्रीपादाची चढण आणि हॉर्टन प्लेन्सचे पठार. दुंबरा नावाची सुंदर पर्वतरांग, जिला इंग्रजांनी मुठीच्या पेरांवरून 'नकल्स' असे नाव दिले, ती पूर्वेकडच्या पावसात सापडते म्हणून गळली. एल्लाही गळले आणि त्याच्यासोबत १९२१ सालचा तो नऊ कमानींचा पूलही. तरुणांचे चेहरे उतरले. त्या पुलाजवळ धावत्या गाडीच्या दारातून बाहेर झुकून छायाचित्र काढण्याचा त्यांचा मनसुबा होता. असे करताना परदेशी पाहुण्यांनी प्राण गमावले आहेत, हे परिचारिकाबाईंनी त्यांना ऐकवले, तेव्हा ते गप्प बसले; पण पटले असे काही दिसले नाही.

येथवर सारे हसतखेळत चालले होते. मग एका संध्याकाळी मिस्सेनंतर धाकट्या तरुणाची आई आमच्याकडे आली.

तिचा थोरला मुलगा काही वर्षांपूर्वी मित्रांबरोबर पावसाळी धबधब्यावर गेला आणि परत आला नाही. त्याचा अंत्यविधी आम्हीच केला होता. आमच्या वसई परिसरात दर पावसाळ्यात असे एखादे तरी घर काळोखात बुडते. जाण्यास बंदीचे आदेश निघतात, फलक लागतात, तरी मुले जातात. कारण पाण्याचे आणि डोंगराचे बोलावणे तरुण मनाला थोपवता येत नाही. ती म्हातारी नव्हती, पण त्या एका पावसाळ्याने तिला म्हातारी केले होते. तिने धाकट्याला अडवले नव्हते. तिने एवढेच विचारले, "फादर, ह्याला परत आणाल ना?"

'होय' म्हणणे सोपे होते. धर्मगुरूच्या तोंडी ते शोभलेही असते. पण ज्या आईच्या मुलाच्या शवपेटीवर आम्ही पवित्र पाणी शिंपडले, तिला पोकळ शब्द कसा द्यायचा? आम्ही म्हणालो, "बाय, देवाच्या हातातल्या गोष्टीचे वचन आम्ही कसे देऊ? पण आमच्या हातात जेवढे आहे तेवढे कागदावर लिहून तुझ्या हाती देतो. ते वाच आणि मग ठरव." ती मान हलवून निघून गेली.

त्या रात्री आमच्या ध्यानात आले की, तोपर्यंत आम्ही कोठे जायचे एवढेच ठरवीत होतो; कोठे थांबायचे हे ठरवलेच नव्हते. बुरूज बांधू इच्छिणारा माणूस आधी खाली बसून खर्चाचा हिशेब करतो, असा दाखला प्रभूने दिला आहे. त्या दाखल्यावर आम्ही अनेकदा प्रवचन केले. तो सहलीलाही लागू पडतो, हे एका आईच्या प्रश्नाने शिकवले. डोंगरावर गेल्यावर परत फिरण्याचा निर्णय घेणे फार कठीण असते. पैसे खर्च झालेले असतात, रजा संपत आलेली असते, शिखर शंभर पायऱ्यांवर दिसत असते. 'मी दमलो' हे शब्द ओठांवर येऊन लाजेने मागे फिरतात. म्हणून तो निर्णय आधीच, ओटीवर, थंड डोक्याने, चहा पिताना घ्यायचा असतो. पुढल्या बैठकीत आम्ही जुनी यादी बाजूला ठेवली आणि एकेका ठिकाणाचा परत फिरण्याचा नियम लिहायला बसलो.

पहिली नदी. कितुलगलाच्या परिसरात 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय' या १९५७ सालच्या चित्रपटाचे चित्रण झाले होते. तेथील खळाळ नवख्या माणसालाही झेपण्याजोगे आहेत, परंतु वरच्या डोंगरात पाऊस कोसळला की खालचे पाणी पाहता पाहता चढते. आम्ही लिहिले: पाणी गढूळ झाले, त्यातून काटक्या-पाने वाहत येऊ लागली, किनाऱ्यावरचे मघाचे दगड दिसेनासे झाले, तर तराफ्यात पाय ठेवायचा नाही, भरलेले पैसे बुडाले तरी चालतील. तरंगण्याचे जाकीट आणि शिरस्त्राण घट्ट बांधल्याशिवाय बसायचे नाही. पाण्यात पडलेच, तर उभे राहण्याची धडपड करायची नाही, कारण पाय दगडांत अडकतो. उताणे व्हायचे, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे ठेवायचे आणि वाहत राहायचे. खडकावरून डोहात उडी कोणीही मारायची नाही. हा शेवटचा नियम धाकट्याने स्वतःच्या हाताने लिहिला. त्याच्याकडे पाहण्याचे धैर्य त्या वेळी कोणाला झाले नाही.

दुसरा श्रीपाद. २,२४३ मीटर उंचीचा हा सुळका चार धर्मांच्या लोकांना प्रिय आहे. माथ्यावरच्या खडकातील पाऊलखूण बौद्धांना भगवान बुद्धांची वाटते, हिंदूंना शंकराची, मुसलमानांना आदमची. पोर्तुगीजांच्या काळापासून काही ख्रिस्ती ती संत थॉमसची मानीत आले. इब्न बतूता हा प्रवासी १३४४ साली येथे चढला होता, लोखंडी साखळ्यांना धरून. आज नल्लथन्नियाहून पाच हजारांहून अधिक पायऱ्या आहेत. चढाई सुमारे एक हजार मीटरांची. डिसेंबरच्या पौर्णिमेपासून सुरू होणाऱ्या यात्रेच्या दिवसांत सारी वाट दिव्यांनी उजळलेली असते. भाविक मध्यरात्रीनंतर निघतात, सूर्योदयाला माथा गाठतात आणि पर्वताची त्रिकोणी सावली पश्चिमेच्या धुक्यावर पडलेली पाहतात. माथ्यावर एक घंटा आहे. जो जितक्या वेळा चढला तितके टोले त्याने द्यायचे.

येथे प्रश्न मास्तरांचा होता. वय ६८. काही वर्षांपूर्वी हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवलेली. ते म्हणाले, "माझ्यासाठी कोणी थांबू नये. मी माझ्या चालीने येईन." परिचारिकाबाई शांतपणे म्हणाल्या, "मास्तर, आधी डॉक्टरांकडे जाऊन ताण-चाचणी करून या. ते हो म्हणाले तर आपण पुढे बोलू." मास्तरांना राग आला. दोन आठवडे ते बैठकीला आले नाहीत. मग आले, ते चाचणीचा अहवाल आणि डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन: चढण्यास हरकत नाही, पण सावकाश, छातीत दडपण वाटले तर तत्काळ थांबायचे. नियम मग त्यांनीच सांगितला आणि शिक्षकाच्या वळणदार अक्षरात लिहिलाही: 'रात्री दोनला निघायचे. साडेपाचला जो जेथे असेल त्याने तेथेच बसायचे आणि सूर्य तेथूनच पाहायचा. एक जण उतरू लागला तर दुसरा त्याच्याबरोबर उतरेल. एकटे कोणी उतरणार नाही.' नल्लथन्नियाची वाट डोंगराच्या पूर्वेकडच्या अंगाने चढते, त्यामुळे मध्येच बसलेल्यालाही सूर्य उगवताना दिसेल. सावली मात्र दिसणार नाही. तेवढे सोडून देण्याची तयारी हवी. पौर्णिमा आणि शनिवार-रविवार या दिवशी तेथे अफाट गर्दी होते, चिंचोळ्या पायऱ्यांवर तासन् तास उभे राहावे लागते. म्हणून आम्ही मधला वार धरला.

तिसरे हॉर्टन प्लेन्स. दोन हजार मीटरांहून उंच असलेले हे गवताळ पठार १९८८ साली राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०१० साली श्रीपादाचे अरण्य व दुंबरा रांग यांच्यासह जागतिक वारशाच्या यादीत गेले. नऊ-साडेनऊ किलोमीटरचा फेरा. मध्ये 'जगाचे टोक' म्हणून ओळखला जाणारा कडा, जेथून जमीन आठशे मीटरांहून अधिक खाली कोसळते. सकाळी नऊ-दहापर्यंत खालची दरी दिसते, मग ढग वर चढतात आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. उष्ण कटिबंधातला देश म्हणून कोणी सुती कपड्यांवर जाईल तर पस्तावेल. दर हजार मीटरांना हवा सुमारे सहा अंशांनी थंड होते आणि जानेवारीच्या पहाटे या पठारावर कधी कधी हिवाची पांढरी चादर पसरते. नियम: कड्याच्या काठावर छायाचित्रासाठी पाठ करून उभे राहायचे नाही; धुके दाटले तर वाट सोडायची नाही.

परिचारिकाबाईंनी स्वतंत्र पान जोडले. जळवांसाठी लांब मोजे. ओल्या पाण्यातून लेप्टोचा धोका, म्हणून पायाच्या जखमा झाकायच्या. चहाच्या मळ्यांत वर वळलेल्या नाकाचा एक लहानसा विषारी साप असतो. भारतात तयार होणारे आणि तेथेही वापरले जाणारे सर्पविषावरील औषध त्याच्या विषावर चालत नाही. म्हणून घोट्यापर्यंतचे बूट, हातात विजेरी आणि पाचोळ्यात हात घालणे बंद. रुग्णवाहिकेचा क्रमांक १९९०. ही सेवा २०१६ साली भारताच्या साहाय्याने तेथे सुरू झाली. विम्याच्या कागदातील बारीक अक्षरे बँकवाल्या जोडप्याने वाचली. साध्या प्रवासविम्यातून नदीतला तराफा आणि डोंगरचढाई पुष्कळदा वगळलेली असते. ती मागून घ्यावी लागते.

कागद पुरा होत आला होता. जानेवारी २०२६ ची तिकिटे काढायची होती. तोच २८ नोव्हेंबर २०२५ रोजी 'दितवा' चक्रीवादळ श्रीलंकेवर आदळले. कॅन्डी, बदुल्ला, नुवारा एलिया या डोंगरी जिल्ह्यांत दरडी कोसळल्या. सहाशेहून अधिक माणसे मेली. आम्ही ज्या रेल्वेचे वेळापत्रक पाठ केले होते तिचे रूळ ठिकठिकाणी उखडले.

त्या आठवड्यात आमच्या नकाशावरची माणसे आम्हांला प्रथमच दिसली. चहाच्या त्या हिरव्या उतारांवर मलैयहा तमिळ राहतात. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात त्यांच्या पूर्वजांना तमिळनाडूतून आधी कॉफीच्या आणि मग चहाच्या मळ्यांत आणले. १९४८ च्या कायद्याने त्यांतील बहुतेकांना नागरिकत्वाबाहेर ठेवले. अनेक कुटुंबे आजही मळ्यांतल्या जुन्या ओळीच्या खोल्यांत, उतारांच्या कडेला राहतात. २९ ऑक्टोबर २०१४ रोजी कोस्लांदाजवळ मीरियाबेद्दा येथे दरडीने अशा खोल्यांची रांगच गिळली. आम्ही डोंगरासाठी ऋतू निवडतो, उतार निवडतो, परत फिरण्याची वेळ निवडतो. त्यांना ऋतू निवडता येत नाही. त्यांचे घरच तेथे आहे. परत फिरून ते जाणार कोठे?

बैठकीत वाद झाला. बँकेतील भगिनी म्हणाल्या, "त्यांच्या दुःखावर आपण मौज करायला जायचे?" मास्तर म्हणाले, "आणि नाही गेलो तर? वाट दाखवणारा, खोली देणारा, भाजी विकणारा यांच्या चुली कशावर पेटणार?" दोघांचेही खरे होते. २१ एप्रिल २०१९ च्या पुनरुत्थान सणाच्या दिवशी तेथील चर्चमध्ये आणि हॉटेलांत झालेल्या स्फोटांनंतर पाहुणे आटले; मग महामारी, मग २०२२ ची आर्थिक पडझड. दर वेळी पहिला फटका बसला तो याच लहान माणसांना.

या वादात आम्हांला संत जोसेफ वाझ यांची आठवण झाली. गोव्याचा हा धर्मगुरू १६८७ साली लपतछपत जाफन्याला उतरला, डोंगरातल्या कॅन्डीत हेर समजून कैदेत पडला आणि १६९७ च्या देवीच्या साथीत, लोक शहर सोडून पळत असताना, आजाऱ्यांजवळ राहिला. १७११ साली कॅन्डीतच त्याने देह ठेवला. २०१५ साली कोलंबोत त्याला संतपद घोषित झाले. त्याची आणि आमची तुलना कोठून होणार? आम्ही आठ दिवसांचे पाहुणे. पण ज्या डोंगरात जायचे तेथील माणसाला विचारून जायचे, एवढे तरी पाहुण्याला साधावे.

आम्ही सहल वर्षभर पुढे ढकलली. कागदात तीन गोष्टींची भर पडली. वाट दाखवणारा त्याच गावचा घ्यायचा आणि तो 'आज नको' म्हणाला तर हुज्जत घालायची नाही. गाडी कोठपर्यंत धावते ते निघण्यापूर्वी विचारायचे. आणि दरडीचा इशारा रोज सकाळी पाहायचा: तेथील शासन पिवळा, नारिंगी आणि तांबडा असे तीन इशारे देते, आम्ही जाणार त्या भागात नारिंगी लागला की डोंगर सोडून खाली यायचे.

मग तो कागद आम्ही त्या आईच्या हाती दिला. तिने उंबऱ्यात बसून तो सावकाश वाचला. धाकट्याच्या अक्षरातल्या ओळीवर तिचे बोट थबकले. शेवटी तिने विचारले, "आणि परत फिरायचे हे सांगायचे कोणी?"

ते आम्ही लिहिले नव्हते. तेथेच लिहिले: 'ज्याला पहिल्यांदा वाटेल त्याने. मग मत घ्यायचे नाही, कारण विचारायचे नाही आणि घरी आल्यावर त्यावरून कोणी त्याला चिडवायचे नाही.'

तिने कागद दुमडला आणि आपल्या प्रार्थनापुस्तकात ठेवला. आमच्यासाठी आम्ही दुसरी प्रत काढली.

पुढच्या जानेवारीला अजून अवकाश आहे. तोवर दर रविवारी दुपारी आम्ही सातही जण विरारच्या जीवदानीच्या पायऱ्या चढतो. त्या तेराशेहून अधिक आहेत. चढताना दम लागतो, पण गुडघ्यांची खरी परीक्षा उतरताना होते. मास्तर उतरताना हातात काठी घेतात, आणि धाकटा त्यांच्या एक पायरी पुढे चालतो.